भैरवी अर्धी असतानाच बाण सुटले

सुरंगीचा वळेसर | ७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज संध्याकाळी अण्णांनी पेटी खाटेवर घेतली, भाता सोडवला आणि न वाजवता तशीच बंद करून ठेवली. तेव्हा ठरवलं, लिहायचंच.

परवा त्रिपुरी पौर्णिमा होती. बुधवार असला तरी गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे घरचे सगळे एका गाडीत बसून निघालो. मी, नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची लेक, साडेचार वर्षांचा मुलगा आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडला, पावसच्या वाटेला लागलो आणि तिथून पुढे समुद्रकाठच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. गाव चांगलं आहे, माणसं मायाळू आहेत, मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. देवळाखालच्या पुळणीवर मांडव घातला होता. साडेसहाला दीपमाळ, सातला अभंग आणि नाट्यगीतांची मैफल, साडेनऊला आतषबाजी, असं पत्रिकेत छापलं होतं.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं गावच्या भजनात पेटी वाजवली. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीन लागलं आणि तेव्हापासून त्यांनी गाण्याला जाणं जवळजवळ सोडलं. मशीनला गाणं आणि मागच्या माणसाच्या हातातली कुरकुऱ्यांची पिशवी सारखीच. या वेळी मात्र स्वतःहून म्हणाले, "मला पुढच्या खुर्चीत बसव. पेटीवाल्याची बोटं दिसली पाहिजेत. बोटं दिसली की सूर कळतो मला."

साडेपाचला पोचलो. ओहोटी होती, पुळण लांबवर उघडी पडली होती, पोरं क्रिकेट खेळत होती. दिवेलागणीला एक मुलगा दीपमाळेवर चढला आणि खालून एकेक पणती वर जायला लागली. देवळाच्या मागून, डोंगराच्या अंगाने, चंद्र वर आला. सासूबाईंनी तिथेच हात जोडले. तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही.

मैफल सातची, सुरू झाली आठ वाजून दहा मिनिटांनी. मधला वेळ सत्कारांत गेला. शाल, श्रीफळ, दोन शब्द, पुन्हा शाल. पण गाणं सुरू झालं आणि सगळा शीण उतरला. गाणाऱ्या बाई जवळपासच्याच असाव्यात, आवाज मोकळा, शब्द स्वच्छ. अण्णांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. मी दोन वर्षांनी ती बोटं चालताना पाहिली. लेकीने माझा हात दाबून दाखवलं, "आई, आजोबा वाजवतायत."

नऊ पस्तीसला भैरवी लागली. पहिला अंतरा झाला, दुसऱ्याचा उठाव झाला आणि पुळणीच्या टोकावरून पहिला बाण सुटला. सगळ्या माना तिकडे वळल्या. बाईंनी दोन ओळी तशाच म्हटल्या, पण धडाक्यांपुढे काय टिकणार? तबलेवाल्यांनी एक आवर्तन धरून ठेवलं, मग डग्ग्यावर हात टेकवून थांबले. बाईंनी हात जोडले. संपलं.

पहिल्याच धडाक्याला अण्णांनी दोन्ही मशीन ओढून काढली. डोळे मिटले होते. मुठीत धरलेल्या मशीनमधून ती बारीक शीळ येत होती, मशीन चालू ठेवून हातात धरलं की येते ती. अख्ख्या आतषबाजीत मला तीच ऐकू येत होती.

आतषबाजी सुंदर होती, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. पाण्यावर लाल आणि सोनेरी रंग उतरत होते. मुलगा पहिल्यांदा घाबरून माझ्या पोटात शिरला. अण्णांनी त्याला मांडीवर घेतलं आणि शिकवलं, उजेड दिसला की मोजायचं, एक हापूस, दोन हापूस. एक हापूस पुरा होता होता धडाका यायचा. आवाज कधी येणार ते कळायला लागल्यावर त्याची भीती गेली, तो वाट बघायला लागला. लेकीने सेकंदाला ३४० मीटर धरून हिशेब केला, दारू तीनशे मीटरवर उडतेय म्हणाली.

तर मला विचारायचंय ते हे. दोन्ही गोष्टी एका रात्री नीट होतात असं गाव कुणी पाहिलंय का? आणि म्हातारं माणूस व लहान मूल घेऊन जायचं तर काय काय बघून जायचं? मला आतषबाजी बंद करायची नाही. मला गाणं पुरं व्हायला हवं आहे.


चाकरमानी सात | ७ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, वाचून घशाशी आलं. माझे वडील मृदंग वाजवायचे. अण्णांना नमस्कार सांगा.


डग्गा | ७ नोव्हेंबर, रात्री ११.०२

मी तबला वाजवतो, अशा किनाऱ्यावरच्या मैफली वर्षाला सात-आठ तरी होतात. त्या रात्री तिथे मी नव्हतो, पण तबल्यावर हात टेकून थांबलेला तो माणूस मला कळतो.

श्रोत्यांना सहसा दिसत नाही ते सांगतो. समुद्रकाठी संध्याकाळनंतर हवा ओली होते आणि तबल्याची पुडी उतरते. घरून काळी चारला लावून आणलेला तबला मांडवात पोचेस्तोवर खाली आलेला असतो. प्रत्येक गाण्यानंतर हातोडी घ्यावी लागते. नोव्हेंबरात वरून दहिवर पडतं, मग तर निवेदक बोलत असतो आणि आम्ही गट्टे ठोकत असतो. तंबोऱ्याचं तेच. एवढं करून शेवटी भैरवीला सगळी वाद्यं एकमेकांत बसतात. दोन तास गाऊन गळा तापलेला असतो, श्रोता शांत झालेला असतो. संबंध मैफलीत सगळ्यात जुळलेला सूर भैरवीतच मिळतो, आणि नेमका तोच तुमच्या अण्णांच्या हातून काढून घेतला गेला.

भैरवी झाल्यावर गायक दुसरं काही गात नाही. म्हणून ती तुटली तर भरून काढायला जागाच राहत नाही. मधलं गाणं मोडलं तर पुढचं असतं.


पाऊणपट | ८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

गाडी कुठे लावली होतीत?


सुरंगीचा वळेसर | ८ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

आम्ही सुरूच्या बनात, वर. पण खाली पुळणीवर पंधरा-वीस गाड्या होत्या. सव्वादहाला निघताना त्यातल्या दोन गाड्यांच्या चाकांना पाणी लागलं होतं. एक पांढरी गाडी आसापर्यंत रुतलेली, गावातली पोरं ढकलत होती. निघाली शेवटी.


पाऊणपट | ८ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

वाटलंच. हे सगळ्यांनी पाठ करून ठेवा, आमच्याकडे पोराला पाढ्यांबरोबर शिकवतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, म्हणजे तिच्या सहाएक तास आधी, पाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. तुम्ही साडेपाचला पोचलात तेव्हा पुळण मैदानासारखी मोकळी दिसणारच. परक्या माणसाला वाटतं केवढी जागा आहे, लावा गाडी. नऊला पाणी अर्ध्यावर येतं आणि माणसं तेव्हा आकाशाकडे बघत असतात.

त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, अष्टमीच्या भांगाच्या भरतीपेक्षा कितीतरी वर चढणारी. आणि यंदाची ही पौर्णिमा तर वर्षातली सगळ्यात जवळच्या चंद्राची होती, जेमतेम ३ लाख ५७ हजार किलोमीटर. चंद्र जवळ तसं पाणी जास्त. माझ्या घराखालच्या बांधाला त्या रात्री पाणी टेकलं होतं.

मंडळांनी मांडव घालताना भरतीची रेघ बघावी. वाळलेलं शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांचा पट्टा जिथे पडलेला असतो ती रेघ. तिच्या खाली गाडी नाही, खुर्ची नाही, जनरेटर तर नाहीच.


मालवणी झील | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

ताई, आमच्या सिंधुदुर्गात जत्रेक दशावतार असता, तो रातभर चलता. दारूकाम पालखीच्या वेळार होता, मगे नाटक उभा रवता. एकदा पखवाजार थाप पडली काय सकाळपर्यंत कोण बाण सोडूचा नाय.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळेल. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. देवाची पालखी देवळाभोवती फिरते, तेव्हा गरनाळ उडते, बाण सुटतात, फेरीबरोबर ते संपतं. मग पडदा लागतो, पायपेटी आणि पखवाज सुरू होतो, गणपती येतो, संकासुर येतो. त्या दोन्हींच्या मध्ये माणसं चहा पितात, खाजं घेतात, पोरांना गोधडीवर झोपवतात. तो मधला अर्धा तास कुणी छापत नाही, पण सगळी रात्र त्याच्यावर उभी असते.


सुरंगीचा वळेसर | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

हे किती छान सांगितलंत. मधला अर्धा तास. आमच्याकडे पाच मिनिटंसुद्धा नव्हती.

मग दारू आधी उडवून मैफल नंतर का ठेवत नाहीत?


डग्गा | ८ नोव्हेंबर, दुपारी १.४०

ते एकदा अनुभवलंय. दारूचा धूर मांडवात शिरला आणि गायकाला पहिल्या आलापातच ठसका लागला. षड्ज लागेना. दशावतारात चालतं, कारण देवळाभोवती फेरीत उडणारी दारू थोडी असते आणि मध्ये वेळ जातो. इथे पाऊण तासाची आतषबाजी, मग धूर कुठे जाणार ते वारा ठरवणार.


पाऊणपट | ८ नोव्हेंबर, दुपारी २.१५

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई सुटतो. सूर्य बुडाल्यावर खारा मंदावतो आणि मतलई अंगाला लागायला रात्र चढावी लागते. मधल्या वेळात वारा पडलेला असतो. सात ते नऊमध्ये दारू उडवलीत तर धूर एक तर तुमच्यावर येणार किंवा जागच्या जागी लोंबकळणार. उशिरा, मतलई धरल्यावर उडवली तर धूर आपसूक समुद्रावर जातो. जुने लोक देवळातली दारू उशिरा का उडवायचे, त्याला हेही एक कारण असेल असं मला वाटतं.


उत्सव मंडळातला | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

सुरंगीताई, मी दुसऱ्या एका गावच्या उत्सव मंडळात सोळा वर्षं आहे. तुमचं लिहिणं वाचून मान खाली गेली, कारण हे आमच्याकडेही एका वर्षी झालंय.

आमची अडचण सांगतो. कुणाला सूट मिळावी म्हणून लिहीत नाही, कुठे धागा तुटतो ते कळावं म्हणून लिहितो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमचा उत्सव त्या यादीत नसेल तर दहा म्हणजे दहा. फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, तेव्हापासून आमच्यासारखे लोक दारूकामसुद्धा दहाच्या आत आटपायचं अशाच हिशेबाने चालतात. म्हणजे मैफलही दहाच्या आत आणि आतषबाजीही दहाच्या आत. सत्काराला सत्तर मिनिटं गेली की ती कुठून तरी कापली जाणार. सत्कारातून कापत नाही आम्ही, गाण्यातून कापतो. देणगीदाराला नाही म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. दारूवाला पुळणीच्या टोकाला असतो, सुरक्षित अंतरावर. मांडवातलं त्याला धड ऐकू येत नाही. त्याला आम्ही वेळ सांगितलेली असते, साडेनऊ. तो घड्याळ बघतो. पाचेक मिनिटं थांबतो आणि पेटवतो. त्याची चूक काडीची नाही. त्याला "आता" म्हणणारा माणूसच आम्ही नेमलेला नसतो.

आमच्याकडे तो प्रसंग झाल्यावर आम्ही एक केलं. मंडळातलाच एक जाणता माणूस, ज्याला गाणं कळतं असा, तो बॅटरी घेऊन स्टेजच्या बाजूला उभा. भैरवी संपली, टाळ्या झाल्या, लोक उठायला लागले, की तो तीनदा बॅटरी हलवतो. ती हलल्याशिवाय काडी ओढायची नाही, असं दारूवाल्याला कागदावर लिहून दिलंय. खर्च शून्य. आणि सत्कार आम्ही सकाळी पूजेनंतर घेतो, प्रसादाच्या वेळी. देणगीदारांना उलट ते आवडलं, त्यांच्या घरची बायामाणसं सकाळी असतात.


परीक्षानळी | ८ नोव्हेंबर, रात्री ८.५५

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. लेकीने आवाजावरून अंतर काढलं हे वाचून फार बरं वाटलं. तिला पुढचं सांगा. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी येतो, पिवळा सोडियमच्या, हिरवा बेरियमच्या, निळा तांब्याच्या. निळा सगळ्यात अवघड, कारण रंग देणारं तांब्याचं संयुग जास्त उष्णतेत टिकत नाही, मोडून जातं. म्हणून निळा नेहमी जरा फिकाच वाटतो. पुढच्या वेळी निळा कुठे दिसतो ते तिला शोधायला लावा, मुलं त्यात रमतात. आणि बेरियमच्या क्षारांवर न्यायालयाची बंदी आहे, त्यामुळे हिरवा रंग दिसला तर तो कशाचा, हा प्रश्न तिने कुणाला तरी जरूर विचारावा.

एक कळकळीची सूचना. किनाऱ्यावर मुलं अनवाणी असतात आणि विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा वाळूत टाकलेल्या असतात. तार लाल दिसत नाही तेव्हाही चटका देते. माझ्या भाच्याच्या टाचेला असाच फोड आला होता. पाण्याची बादली बरोबर ठेवा, प्रत्येक तार तिच्यात. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही.


कान देऊन ऐक | ८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

माझ्या आईलाही मशीन आहे. अण्णांसाठी लिहिते.

मशीन मोठा आवाज काही प्रमाणात आपणहून दाबतं, पण जवळच्या धडाक्याला ते पुरत नाही, माणूस दचकतोच. आतषबाजीच्या आधी मशीन काढून डबीत ठेवायचं. अडचण अशी की त्यासाठी ती कधी सुरू होणार हे आधी कळायला हवं. अण्णांना ते कुणी सांगितलंच नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. निवेदकाने "आता पाच मिनिटांनी दारूकाम" एवढं म्हटलं तर म्हातारी माणसं, बाळं घेतलेल्या आया, सगळे तयार होतात.

डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, खाऱ्या ओल्या हवेत मशीन खराब होतं. ज्यांना गाणं ऐकायचंय त्यांनी मशीन देणाऱ्याला संगीतासाठी वेगळी सेटिंग करून मागावी. बोलणं ऐकायची सेटिंग पेटीच्या सुराला गोंगाट समजून कापते. आईची करून घेतली आणि ती देवघरात पुन्हा गुणगुणायला लागली.

फटाक्यांना चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे, ती मर्यादासुद्धा बाळाच्या कानाला फार आहे. छोट्याला इअरमफ घ्या, आणि हापूस मोजणं चालू ठेवा.


सुरंगीचा वळेसर | ८ नोव्हेंबर, रात्री १०.५०

संगीतासाठी वेगळी सेटिंग असते हे दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. सोमवारी जातेच.


खारफुटी | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

सगळं वाचलं, पटलंही. पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

तुम्ही गेलात त्या भागात, पावसच्या पुढे, गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उत्तरेला गुहागर, आंजर्ले, वेळास. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून काम उभं केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं केलं. मादी रात्रीच्या अंधारात वर येते. आमच्या किनाऱ्यावर तिचा हंगाम साधारण नोव्हेंबरातच सुरू होतो. पुळणीवर उजेड, आवाज, माणसांची वर्दळ असली की ती अर्ध्यातून पाण्यात परत जाते. मी स्वतः वाळूत तशी अर्धी वळलेली पावलं पाहिली आहेत, पाण्यातून वर आलेली आणि घरटं न करता वळून गेलेली.

मैफल देवळाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात घ्या, दारूही तिथेच उडवा. पुळण सोडा.


उत्सव मंडळातला | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

दादा, कासवांचं मनापासून मान्य. पण खळ्यात दारू उडवायची तर वर माड, बाजूला गवताच्या उडव्या, झावळांचा मांडव. नोव्हेंबरात भात कापून झालेलं असतं, सगळीकडे सुकं पेंढार. एक ठिणगी पुरे. म्हणूनच दारू पुळणीवर गेली, हौस म्हणून नाही.


खारफुटी | ९ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मग दारू पुळणीवर आणि मैफल खळ्यात, एवढं तरी करता येईल. चार तास फ्लडलाइट पुळणीवर पेटलेले नसतील. आतषबाजी पंधरा मिनिटांची करा आणि ती संपल्या संपल्या किनाऱ्यावरचा दिवा बंद. पौर्णिमेला चांदणं आहेच की.


डग्गा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.००

खळ्यात मैफल झाली तर मी बिदागीतले चार पैसे सोडीन. चिऱ्याच्या भिंती, सारवलेली जमीन, दहिवर कमी. तबला जागेवर राहतो आणि मागच्या रांगेपर्यंत गाणं पोचायला एवढे मोठे कर्णे लागत नाहीत.


आजीची गोधडी | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

मी ८१ वर्षांची, नात लिहून देते आहे. आमच्या लहानपणी दीपमाळेत उंडीचं कडू तेल घालत. वास उग्र, पण वाऱ्याने दिवा जात नसे. दारूकाम म्हणजे दोन नळे, चार बाण, एक चक्र. ते बघायला तीन गावं येत. होडीतून माणसं येत. बाण उडाला की सगळे एकदम "हो" म्हणत, मग पुढचा उडवायला तो गडी मुद्दाम वेळ लावी. आम्ही वाट बघायचो. भजन झाल्याशिवाय त्याला कुणी विस्तव देत नसे, विस्तव देवळातल्या समईवरूनच न्यायचा असे.


मालवणी झील | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

आजी, पायां पडतंय. समईवरून विस्तव न्यायचा! यात सगळंच आलं.


चाकरमानी सात | ९ नोव्हेंबर, रात्री ९.००

देवदिवाळीला कोण कोण गावाला चाललंय? बाहेरचे लोक त्रिपुरीलाच देवदिवाळी म्हणतात, आपली मार्गशीर्ष प्रतिपदेला. यंदा २१ नोव्हेंबर, शुक्रवार. मी रजा टाकली आहे.


सुरंगीचा वळेसर | २२ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

धागा वर काढते, सांगायला हवं.

मशीनची सेटिंग करून आणली. पहिल्या दिवशी अण्णांनी पेटी उघडली, एकच स्वर दाबून धरला, काळी दोन, आणि भाता संपेपर्यंत सोडला नाही. मग म्हणाले, "हा असा होता होय." दुसरं काही बोलले नाहीत.

काल देवदिवाळीला आमच्या स्वतःच्या गावी गेलो. पाखाडी उतरून खाली देऊळ, घरं तीस-पस्तीस. निमंत्रणपत्रिका नाही, कर्णे नाहीत. खळ्यात भजन होतं. पेटीवर हल्ली अण्णांच्या जागी पुतण्या बसतो, त्याने उठून पाट मोकळा केला. अण्णा नको नको म्हणत बसले. पहिल्या अभंगाला बोटं अडखळली, ते सगळ्यांना कळलं आणि टाळकऱ्यांनी लय जरा खाली घेतली. तिसऱ्या अभंगापासून मला कुणी सांगितलं असतं की हे दोन वर्षांनी बसलेत, तर पटलं नसतं. सासूबाई शेवटपर्यंत मांडी मोडून बसल्या होत्या, त्यांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे.

पोरांनी चार नळे आणि एक बाण आणला होता. खळ्याबाहेर, कापणी झालेल्या मळ्याच्या कडेला, पाणी मारलेल्या जागेवर मांडून ठेवलेला. बादली आमच्या लेकीच्या ताब्यात, ती कुणाला तिथून हलू देत नव्हती. आजींचं मी आमच्या काकांना वाचून दाखवलं होतं, त्यामुळे विस्तव समईवरून घेतला. उदबत्ती पेटवली आणि ती माझ्या मुलाच्या हातात दिली, त्याच्या मागे त्याचा बाबा.

भजन भैरवीवर आलं. मुलगा देवळाच्या पायरीवर उदबत्ती धरून उभा होता, तिच्या टोकाकडे एकटक बघत. दोन अंतरे झाले. गजर झाला, टाळ थांबले. अण्णांनी शेवटचा सूर भात्यातल्या वाऱ्यानिशी जाऊ दिला, भाता दाबून बसवला, दोन्ही कड्या लावल्या. मग कानातली मशीन एकेक करून काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं.

"आजोबा, लावू?" मुलाने विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.